नर्मदाकाठची मौखिक परंपरा आणि इतिहासाचा पुरावा : मणिबेलीच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि त्या मतदारसंघातील मतदान केंद्रांची यादी मणिबेलीपासून. नंदुरबार जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, नर्मदेच्या दक्षिण तीरावर, सातपुड्याच्या उतारावर पाड्यापाड्यांनी विखुरलेले हे गाव राज्याच्या कागदपत्रांत अशा रीतीने पहिल्या क्रमांकावर आहे. सरदार सरोवराच्या बुडिताखाली आलेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांतही धरणाला सर्वांत जवळचे व सर्वप्रथम बुडितास सामोरे गेलेले गाव मणिबेलीच होय. १९९१ ते १९९३ या काळातील पावसाळी सत्याग्रहांमुळे या गावाचे नाव देशभर गेले. १९९४ मध्ये जागतिक बँकेने मोठ्या धरणांना अर्थसाहाय्य थांबवावे अशी मागणी करणारे जे आंतरराष्ट्रीय निवेदन ४४ देशांतील तीनशेहून अधिक संघटनांनी मान्य केले, त्याला ‘मणिबेली जाहीरनामा’ असेच नाव देण्यात आले.

धरणाची उंची, बुडिताची पातळी, कुटुंबांची संख्या, पुनर्वसनाचे हेक्टर यांविषयी मणिबेलीबद्दल विपुल लेखन झाले. शासनाने लिहिले, आंदोलनाने लिहिले, न्यायालयांनी लिहिले. परंतु येथील वसावे व तडवी भिल्ल समाजाने स्वतःविषयी, आपल्या भूमीविषयी व देवतांविषयी पिढ्यान्‌पिढ्या जे सांगितले आणि गायिले, त्याची दखल या लेखनात तुलनेने अल्प आहे. ही उणीव केवळ लोकसाहित्याच्या अभ्यासकाला खटकावी अशी नाही. ज्या समाजापाशी सातबारा नव्हता, त्याच्यापाशी गाणे आणि गोष्ट होती. जमिनीवरील हक्क सिद्ध करण्याची वेळ आली तेव्हा यांपैकी कशाला पुरावा मानायचे, हा प्रश्न मणिबेलीत प्रत्यक्ष जगण्याचा प्रश्न झाला. प्रस्तुत लेखात या दृष्टीने येथील मौखिक परंपरेचा विचार केला आहे.

मौखिक परंपरेकडे पाहण्याची दृष्टी

मराठीत आदिवासी लोकगीतांची संकलने बरीच झाली. त्यांपैकी अनेकांची पद्धत ठरावीक आहे. गीत देवनागरीत उतरवायचे, शेजारी मराठी अर्थ द्यायचा आणि प्रारंभी त्यातील निसर्गप्रेम, भाबडेपणा व नादमाधुर्य यांची प्रशंसा करायची. गीत कोणत्या प्रसंगी, कोणी, कोणत्या स्थळी गायिले आणि त्या स्थळाशी गाणाऱ्यांचे नाते काय, याची नोंद पुष्कळदा नसते. प्रसंग व स्थळ गळाले की गीतातील इतिहास गळतो आणि काव्य तेवढे उरते. ते काव्य सुंदर असेलही, पण त्याच्या आधारे गावाचा भूतकाळ सांगता येत नाही.

बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांनी आफ्रिकेतील समाजांच्या अभ्यासातून मौखिक परंपरा हे इतिहासाचे साधन असल्याचे शास्त्रशुद्ध प्रतिपादन केले. त्यांचा मूळ फ्रेंच ग्रंथ १९६१ चा असून, पुढे १९८५ मध्ये त्यांनी हा विचार नव्याने मांडला. कथन जसेच्या तसे खरे मानू नये, त्याचप्रमाणे ते केवळ कल्पित म्हणून टाकूनही देऊ नये. ते कोण कोणाला कशासाठी सांगतो याची चिकित्सा करून त्याचा उपयोग करावा, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मणिबेलीच्या आसपासच्या प्रदेशात या दृष्टीने झालेली दोन कामे मार्गदर्शक ठरतात. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातेतील १९२२-२३ च्या देवी चळवळीचा इतिहास (१९८७) लिहिताना आदिवासी वृद्धांच्या साक्षी घेतल्या. अजय स्कारिया यांनी डांगमधील भिल्लांच्या ‘गोठी’ अभ्यासून (१९९९) असे दाखविले की, डांगी माणूस भूतकाळाचे ‘मोगलाई’ व ‘मंडिनी’ असे दोन भाग पाडतो. मोगलाई म्हणजे जंगलावर आपली सत्ता होती तो काळ. मंडिनी म्हणजे हद्दी आखल्या गेल्या, खांब रोवले गेले, तो काळ. इंग्रजी अमदानीची सुरुवात सनावळीने न सांगता जंगलाच्या मोजणीने सांगणारी ही कालगणना होय, आणि ती सनावळीपेक्षा कमी अचूक आहे असे म्हणता येत नाही.

मणिबेलीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘नर्मदाकाठचे आदिवासी’ असा सरसकट उल्लेख केला जातो, तो दिशाभूल करणारा आहे. अमिता बावीसकर यांच्या १९९५ च्या ग्रंथामुळे अलीराजपूरकडील भिलाला समाजाचे ‘गायणा’ हे सृष्ट्युत्पत्तीचे दीर्घ गीत व त्याच्याशी निगडित ‘इंदल’ विधी अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. पाण्याच्या वरच्या अंगाला, धडगावकडील पावरा वस्तीतही इंदलाची परंपरा आहे. मणिबेली मात्र वसावे-तडवी भिल्लांचे गाव. येथील बोली वेगळी, दैवतांची उतरंड वेगळी. वरच्या अंगाचे गाणे खालच्या अंगाच्या नावावर मांडणे हा नदीच्या बाबतीत कदाचित क्षम्य दोष ठरेल, इतिहासाच्या बाबतीत तो ठरत नाही.

या बोलींच्या छापील नोंदीचा आरंभ कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा भिल्ली भाषांविषयीचा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या बोलींची तुलना करता यावी म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची बोधकथा प्रत्येक बोलीत उतरवून घेण्याची सर्वेक्षणाची पद्धत होती. शास्त्राच्या दृष्टीने ती सोयीची होती यात शंका नाही. परंतु ज्यांच्या रात्री गोष्टी सांगण्यात जात, त्यांच्या बोलीचे नमुने कागदावर गोळा होऊ लागले ते दुसऱ्याची गोष्ट सांगण्यासाठी.

याहा मोगी, होळी आणि रोडाली

या परिसरातील भिल्लांच्या कथनपरंपरेच्या केंद्रस्थानी याहा मोगी, अर्थात देवमोगरा माता आहे. भीषण दुष्काळात आपल्या कोठारातील धान्य वाटून माणसे व गुरे जगविणारी ही माता असून, तिच्या कथेत राजा पांठा, विना देव इत्यादी पात्रे येतात. सातपुड्यातील डाब हे तिचे मूळस्थान मानले जाते. तिचे मुख्य ठाणे गुजरातेत सागबारा तालुक्यातील देवमोगरा येथे असून, महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांतील भाविक नव्या बांबूच्या टोपल्यांतून धान्य वाहून नेतात. या कथेचा भूगोल लक्षात घेण्याजोगा आहे. डाब महाराष्ट्रात, देवमोगरा गुजरातेत. १९६० साली आखलेली राज्याची सीमा कथेने कधी मानलीच नाही. कथा ऐकणाऱ्याला डोंगर, ओढे, खिंडी आणि गावे यांची एक सलग मांडणी कळत जाते. जमिनीचा नकाशा ज्याच्या हाती नाही, त्याला आपला मुलूख असा पाठ असतो.

होळीच्या बाबतीत हेच अधिक ठळकपणे दिसते. काठी येथील ‘राजवाडी होळी’ आता सर्वत्र प्रसिद्ध आहे. कमरेला घुंगरू व भोपळे बांधलेले, मोरपिसांचे टोप घातलेले बावा-बुध्या, रात्रभर घुमणारे मोठे ढोल आणि पहाटे पेटणारी होळी यांची छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांत येतात. छायाचित्रात न येणारी गोष्ट म्हणजे ‘पाळणी’. बावा-बुध्या होणारे पुरुष होळीपूर्वी काही दिवस व्रतस्थ राहतात. नृत्य हे त्या व्रताचे अखेरचे अंग असते. दुसरे असे की, सातपुड्यातील सर्व होळ्या एकाच रात्री पेटत नाहीत. डाबची देवाची होळी आधी, मग काठी व इतर गावे, असा क्रम परंपरेने चालत आला आहे. कोणत्या गावाचा मान कोणत्या गावाआधी, हे सांगणारा क्रम म्हणजे गावांच्या परस्परसंबंधांचा इतिहासच होय. काठी हे इंग्रजी काळात मेहवासी संस्थान होते. त्या संस्थानाचे दप्तर कोठे किती उरले हा प्रश्न वेगळा, पण होळीचा क्रम चुकलेला नाही.

लग्नप्रसंगी व सणावारी फेर धरून गायिल्या जाणाऱ्या ‘रोडाली’ गीतांचे स्वरूप याहून मोकळे आहे. एका गटाने ओळ टाकावी, दुसऱ्याने ती उचलावी, आणि प्रसंगानुरूप नवी ओळ तेथल्या तेथे जोडली जावी, अशी ही रचना. सोयरे कोठून आले, वाटेत कोणता घाट चढले, कोणती नदी उतरले, यजमानाने काय दिले व काय दिले नाही, हे सारे रोडालीत येऊ शकते. सावकार येतो, जंगलखात्याचा शिपाई येतो, मोटारगाडी येते. विधिगीतात शब्द बदलणे दोषाचे मानले जाते. रोडालीत न बदलणे हे गाणाऱ्याचे दौर्बल्य ठरते. बाहेरून आलेल्या प्रत्येक नव्या गोष्टीची आवक नोंदविणारी ही वहीच जणू, आणि म्हणून सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने विधिगीतांइतकेच महत्त्व रोडालीला द्यावयास हवे. संकलनांत तिला बहुधा ‘करमणुकीची गीते’ या सदरात टाकले जाते, हे खेदजनक आहे.

परिक्रमेच्या वाटेवरून दिसलेले गाव

मराठी वाचकाला हा तीर परिचित झाला तो मात्र वेगळ्या वाटेने. मणिबेलीनजीकचे शूलपाणेश्वराचे मंदिर नर्मदा परिक्रमेतील महत्त्वाचे स्थान होते, आणि त्याभोवतीचे अरण्य ‘शूलपाणीची झाडी’ म्हणून ख्यात होते. गो. नी. दांडेकर यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत मराठीतील परिक्रमेच्या लेखनाने नर्मदेचा काठ घराघरांत पोचविला. परिक्रमावासीयांच्या परंपरेत या झाडीची ओळख एका अनुभवाने सांगितली जाते : येथे भिल्ल वाटसरूला लुटतात, आणि ही लूट नर्मदामातेच्या इच्छेनेच होते, कारण सर्वस्व गेल्यावाचून परिक्रमा पुरी होत नाही.

या कथेत भिल्ल हा यात्रेकरूच्या वैराग्याचे साधन आहे. त्याला घर, शेत, देव अथवा नाव नाही. ज्या रानातून यात्रेकरू भयभीत होऊन जात होता, ते रान दुसऱ्या कोणाचे तरी अंगण होते. एकाच तीरावर दोन मौखिक परंपरा शतकानुशतके शेजारी नांदल्या. त्यांपैकी जिला लेखणी लाभली, ती मराठी साहित्याचा भाग झाली. १९९४ च्या पावसाळ्यात धरणाचे पाणी चढले आणि मूळ शूलपाणेश्वर मंदिर बुडाले. गुजरात शासनाने गोरा येथे नवे मंदिर उभारले. यात्रेकरूंच्या परंपरेला पर्यायी स्थान मिळाले. भिल्लांच्या पाण्याखाली गेलेल्या देवस्थानांसाठी आणि पूर्वजांच्या स्थानांसाठी अशी तजवीज करण्याचे कोणाच्या मनात आले नाही, कारण त्यांची यादीच कोठे नव्हती.

अतिक्रमण, सत्याग्रह आणि नवी गाणी

यादी नसण्याचे परिणाम देवापुरते मर्यादित राहिले नाहीत. मेहवासी संस्थानांच्या व अक्राणीच्या डोंगराळ मुलखात नियमित महसुली मोजणी उशिरा पोचली आणि त्याआधीच जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली पुष्कळशी जमीन कागदावर वनजमीन ठरली व ती कसणारा अतिक्रमणदार. १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्याने जमीन गमावणाऱ्या खातेदाराला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, देण्याचे तत्त्व घातले. परंतु खातेदार कोण, हे ठरविणार होते दप्तर. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ च्या अहवालात महाराष्ट्रातील या ‘अतिक्रमणदारां’चा प्रश्न विस्ताराने मांडला. पुढील वर्षी, मार्च १९९३ मध्ये, बँकेचे साहाय्य संपुष्टात आले.

या संघर्षाच्या काळात मणिबेलीत गाण्याचे प्रयोजनच पालटले. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या नर्मदा धरणग्रस्त समितीच्या व पुढे नर्मदा बचाओ आंदोलनाच्या मेळाव्यांत सातपुड्यातील भिल्ल-पावरा, निमाडचे शेतकरी आणि शहरांतून आलेले कार्यकर्ते एकत्र येऊ लागले. या सर्वांना समान अशी भाषा हिंदी होती. घोषणा हिंदीत झाल्या, अनेक गाणीही हिंदीत अथवा मराठीत झाली. ती प्रभावी होती, दूरवर पोचली आणि त्यांनी माणसे उभी केली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ढोल तोच, फेर तोच आणि शब्द दुसऱ्याचे, असाही काही काळ गेला. आंदोलनाच्या बाहेरचे जग मणिबेलीचा आवाज म्हणून जे ऐकत होते, त्यातील बराचसा भाग मणिबेलीच्या बोलीत नव्हता.

हा दोष आंदोलनातील मंडळींच्याही ध्यानात आला असावा. १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी व निमगव्हाण येथे सुरू झालेल्या जीवनशाळांनी भिल्ली व पावरी बोलींत शिकविण्याचा मार्ग धरला, स्थानिक तरुणांना शिक्षक केले आणि गावच्या गोष्टी व गावचा इतिहास पाठांत आणला. आजोबांची गोष्ट फळ्यावर लिहिली जाऊ शकते, हे मुलांना त्या शाळांत प्रथम दिसले. पुढे नंदिनी ओझा यांनी आंदोलनातील ज्येष्ठांची कथने ध्वनिमुद्रित केली. केशव वसावे व केवलसिंग वसावे या आदिवासी नेत्यांच्या निवेदनांवर आधारित ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक २०१७ मध्ये मराठीत आणि २०२२ मध्ये इंग्रजीत आले. धरणावरील ग्रंथांच्या राशीत आदिवासी माणूस साक्षीदार न राहता निवेदक झाल्याची अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

विस्थापनानंतर

मणिबेलीतील काही कुटुंबे आरंभीच गुजरातेतील परवेटा येथे हलविली गेली, काहींना पुढे तळोदा तालुक्यात मोकळ्या केलेल्या वनजमिनीवर वसविण्यात आले, तर काही डोंगराच्या वरच्या अंगाला घरे सरकवून तेथेच राहिली. एका गावाचे असे तुकडे झाले की फेर धरणारी माणसे विखुरतात. रोडालीला दोन गट लागतात, होळीच्या ढोलाला अनेक खांदे लागतात आणि कथेला ‘तो पाहा, तोच तो डोंगर’ असे म्हणून दाखविता येईल असा डोंगर लागतो.

विस्थापनाने मौखिक परंपरा संपतेच असे मात्र नाही. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. गुराख्यांची डोंगरगीते, फेरनृत्याची गाणी आणि गेसर राजाची अफाट महाकथा अशी समृद्ध परंपरा घेऊन हा समाज आला. त्याच वर्षी या समाजाने संगीत-नाट्याची संस्था स्थापन केली, ती पुढे धर्मशाळेत स्थिरावली. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. देश गमावूनही या लोकांना एकत्र राहता आले, स्वतःच्या भाषेची शाळा व स्वतःची संस्था मिळाली. सातपुड्यातील विस्थापित आपल्याच देशात राहिला. त्याच्या वाट्याला गावाचे एकत्र राहणेही पूर्णपणे आले नाही. दोन्ही समाजांची परिस्थिती सर्वस्वी भिन्न आहे आणि तुलना फार ताणू नये. तरी गाणे टिकण्यासाठी मूळ भूमी नसेल तर निदान शेजार लागतो, एवढे या तुलनेतून निश्चित दिसते.

पुराव्याचा प्रश्न

मोर्स समितीचे उपाध्यक्ष थॉमस बर्जर हे कॅनडाचे विधिज्ञ होते. १९७० च्या दशकात तेथील मॅकेन्झी खोऱ्यातील नियोजित वायुवाहिनीच्या चौकशीत त्यांनी गावोगाव जाऊन मूलनिवासींच्या साक्षी त्यांच्याच वस्तीत ऐकल्या होत्या. त्याच देशात गिटक्सान व वेट्सुवेटन या समाजांनी आपल्या भूमीवरील हक्कासाठी परंपरागत कथने व गीते न्यायालयापुढे पुरावा म्हणून मांडली. १९९१ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्यांना स्वतंत्र मोल दिले नाही. डिसेंबर १९९७ मध्ये डेलगामुक खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दृष्टिकोन चुकीचा ठरविला आणि मौखिक इतिहासाला लिखित दस्तऐवजांच्या बरोबरीने स्थान द्यावे असे म्हटले.

भारतात ही दृष्टी कायद्यात आली ती २००६ च्या वनहक्क अधिनियमाने. त्याखालील २००८ च्या नियमांतील तेरावा नियम दाव्याच्या पुराव्यांची यादी देतो. शासकीय अभिलेखांबरोबर तीत विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांसारख्या पुरातन वास्तव्याच्या खुणा आहेत, वंशावळ आहे आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही आहे. ज्या वृद्धाच्या गोष्टीला १९९२ मध्ये तलाठ्याच्या दप्तरापुढे किंमत नव्हती, त्याचे सांगणे सोळा वर्षांनी राजपत्रात पुरावा ठरले. दरम्यान धरणाची भिंत चढत गेली होती. २००६ मध्ये ती १२१.९२ मीटरवर पोचली. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरला.

नियमात सांगितलेल्या खुणांपैकी नदीकाठच्या सखल भागातील ज्या होत्या, त्या आता दाखविता येत नाहीत. वंशावळ व वृद्धांचे निवेदन ही दोनच साधने तेथे उरतात आणि ती दोन्ही मौखिक आहेत. कोणत्या पूर्वजाचे स्थान कोणत्या ओढ्याच्या तोंडाशी होते, कोणत्या शेताचा बांध कोणत्या महूपासून सुरू होत असे, हे बुडितापूर्वी जाणत्या वयात पाहिलेली पिढी आज पन्नाशीच्या पुढे आहे. नंदुरबार, तळोदा, शहादा, धडगाव व अक्कलकुवा येथील महाविद्यालयांत या गावांतील मुले-मुली शिकत आहेत. त्यांतील काहींच्या घरी हे सांगणारे माणूस अजून आहे.